बारदान वजा

वाचनालयाच्या दारावर कागद चिकटवला होता,
घणसोलीत, पाणपोईच्या बरोबर वर.
अलक लिहा. शब्द शंभर. प्रवेश फी पन्नास रुपये.
म्हणजे शब्दाला आठ आणे,
मी उभ्या उभ्या हिशेब केला. सवय आहे.

एकतीस वर्षं मापाडी आहे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात.
गोणी काट्यावर येते, आकडा थरथरतो, थांबतो,
बारदान वजा करून मी पट्टीवर लिहितो.
एवढीच ओळ. तिच्यात एखादं विशेषण घातलं
तर व्यापारी भांडायला येईल.
म्हटलं, आपल्याला जमेल हे.

गोष्ट गेनू सपकाळची.
पहिल्या बैठकीत तीनशे बारा भरले.
प्रणाली मोबाईलवर मोजून देणार होती.
मी म्हटलं, राहू दे, मोजणं माझं काम आहे.
पेन्सिलीनं प्रत्येक शब्दाखाली टिंब देत गेलो,
लाभ, दोन, तीन, चार…
भात मापताना बाप कधी 'एक' म्हणाला नाही.
मलाही ते तोंडात येत नाही.

मग काढायला बसलो.
आधी पहाट काढली. मार्केटात तिच्याकडं तसंही कोण बघतं.
मग गेनूचं गाव, मेढ्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीतलं.
(कुशीतलं हा शब्द माझा नव्हताच, कुठून तरी आला होता.)
मग त्याची चुंबळ,
बायकोनं जुन्या साडीच्या काठाची वळून दिलेली,
काठ मोरपंखी.
तिथं हात अडला. काढली. पुन्हा घातली. जेवून आल्यावर काढली.
सपकाळ काढला. नुसता गेनू पुरे,
मार्केटात तरी त्याला सपकाळ कोण म्हणत होतं?
'चहाबिहा' एक की दोन, यावर प्रणालीशी वाजलं.
मी 'बिहा' काढून टाकला. घरात भांडण नको.

एकशे चौतीसवर अडलो, ते दोन रात्री अडलो.
तेव्हा शेवट काढला.
त्या मंगळवारी गेनूला काय झालं,
कुणी उचलून टेम्पोत ठेवलं, कोण ड्रायव्हरशेजारी बसलं,
चुंबळ कुणाच्या हातात राहिली,
याला चौतीस शब्द लागत होते.
बरोब्बर चौतीस.

आता गोष्टीत एवढंच आहे.
रात्रीचे तीन. गाळा रिकामा. थट्टा चाललेली.
गेनू पाठीवरच्या गोणीसकट काट्यावर चढतो,
मग गोणी टाकून नुसताच उभा राहतो.
मी ओरडतो, एकोणपन्नास!
गेनू म्हणतो, बारदान धरून, का वजा करून?
सगळे हसतात.
गोणी त्रेपन्न किलोची होती.

धामणस्करबाईंनी कागद घेतला, मोजला नाही.
मला जरा लागलं.
फॉर्मच्या खाली एक चौकट होती,
लेखकाचा परिचय, पन्नास शब्दांत.
गेनूला शंभर आणि मला पन्नास!
असला भाव मी आजवर कुठल्या पट्टीवर लिहिलेला नाही.
चौकटीत लिहिलं, मापाडी.

मागं कुणी थांबलेलं नव्हतं. पंखा कुरकुरत होता.
म्हटलं, बाई, माझे एकोणपन्नास उरलेत,
ते गोष्टीला जोडता येतील का?
बाईंनी चष्मा वर सरकवला, नियमांचा कागद वाचला,
उलटून पाहिला, मागं कोरा होता.
म्हणाल्या, तसं काही यात दिलेलं नाही हो.

मग पन्नासची पावती फाडली.
पावतीवर जागा कमी,
माझं आडनाव अर्धंच मावलं.